एमेटचा झेल आणि मी

मित्रांनो, टॅलाडोर कॉलेजच्या मैदानावरचा मी जुना टीव्ही. घरातल्या टीव्हीसारखा मी कधी भिंतीवर मिरवलो नाही, की कुणी सोफ्यावर पाय पसरून मला पाहिले नाही. माझे बहुतेक कामाचे आयुष्य गवताच्या कडेला, चाकांच्या स्टँडवर, डोक्यावर काळे टोपरे घालून गेले. आज माझ्या काचेला एक लांब तडा आहे. तो कसा पडला आणि त्यानंतर काय काय झाले, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासोबत तयार झालेले भाऊबंद कुणी इस्पितळात गेले, कुणी विमानतळावर. मी खोक्यात बसून अलाबामात आलो आणि टॅलाडोर कॉलेजच्या खानावळीत टांगला गेलो. तिथे मी दिवसभर हवामान आणि सूचना दाखवायचो. माझ्याकडे कुणी बघत नसे. एकदा कुणाच्या तरी थाळीतला रस्सा माझ्यावर उडाला, तो कित्येक दिवस तसाच वाळून राहिला.

मग लहान कॉलेजांच्या संघटनेने ठरवले की, फुटबॉलमध्ये पंचांच्या निर्णयाबद्दल शंका आली, तर तो क्षण टीव्हीवर पुन्हा बघून निकाल द्यायचा. मोठ्या कॉलेजांत वरच्या खोलीत बसून बघणारी वेगळी माणसे असतात. आमच्याकडे तेवढी माणसे नव्हती. मुख्य पंचानेच मैदानाच्या कडेला यावे, बघावे आणि सांगावे, असे ठरले. त्यासाठी एक टीव्ही हवा होता. संघाची शिरस्त्राणे, बूट, कपडे सांभाळणाऱ्या मिस नॅडीन टॉलिव्हर (आमच्याकडे नातवंडे असलेल्या बाईंनाही आदराने 'मिस' म्हणतात) खानावळीत आल्या, त्यांनी ओल्या फडक्याने माझ्यावरचा रस्सा पुसला आणि मला घेऊन गेल्या. इस्पितळातल्या जुन्या ढकलगाडीचा त्यांनी मला स्टँड केला. उन्हात चित्र दिसावे म्हणून नवऱ्याचा जुना काळा रेनकोट कापून टोपरे शिवले. पंचाने त्या टोपऱ्यात डोके घातले की आत फक्त तो आणि मी.

आमच्याकडचा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू छातीशी धरून पळायचे, नाहीतर लांबून आलेला झेलायचा, आणि मैदानाच्या टोकाला असलेल्या पट्टीत पोचवायचा. दिसायला सोपे, पण अंगावर माणसांचा ढीग पडलेला असताना कुणाचा गुडघा आधी टेकला, चेंडू आधी निसटला की शिट्टी आधी वाजली, हे सांगणे महाकठीण. म्हणून पंच माझ्याकडे येत. एक पंच आत डोके घातल्यावर चर्चमधले गाणे गुणगुणायचे. एकांच्या तोंडाला कायम पेपरमिंटचा वास. एक जण तर आत आल्यावर आधी डोळे मिटून दीर्घ श्वास घेत. बाहेरचा गोंगाट सोसून आलेल्या माणसाला माझ्या टोपऱ्यात थोडी सावली मिळायची.

त्या वर्षांत माझे फार कौतुक झाले. निकाल टॅलाडोरच्या बाजूने लागला की पोरे येऊन माझ्या पाठीवर थापा मारत. आमचे कोच ऑर्सन लीड्स येता-जाता माझ्या टोपऱ्याची सुरकुती सरळ करत. लोक म्हणत, आता कुणाची लबाडी चालायची नाही, टीव्ही खरे काय ते सांगतो. ऐकून ऐकून मलाही ते पटले होते. मित्रांनो, मी काही सांगत नव्हतो. कॅमेऱ्यांनी जेवढे पाठवले, तेवढे मी दाखवत होतो. पण कौतुक ऐकायला कुणाला आवडत नाही?

सगळ्या पंचांत मला रॉस्को हास्किन्स सरांची ओढ होती. शेजारच्या सायप्रस बेंड गावच्या शाळेत ते मुलांना बँड शिकवत. आठवडाभर ट्रम्पेट, ढोल आणि बेसूर बासऱ्या, आणि शनिवारी पंचाचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट. उंच, किडकिडीत माणूस. चित्र बघताना बोटांनी माझ्या कडेवर ताल धरत. शिस्तीला कडक, पण कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही.

तर नोव्हेंबरातला तो शनिवार. टॅलाडोर आणि ब्रॅकेट कॉलेज यांच्यातला अजिंक्यपदाचा सामना. टॅलाडोरने ते पद शेवटचे मिळवले होते तेव्हा आताच्या खेळाडूंचे आईबाप शाळेत होते. शिवाय कोच लीड्स यांचा तो शेवटचा सामना. त्यानंतर ते निवृत्त होणार होते. सकाळपासून मैदानाबाहेर धूर, भाजलेले मांस, उकडलेल्या शेंगा आणि पिंपांतून गोड गार चहा. टायरच्या दुकानाचे मालक बड स्टॅलिंग्ज, ज्यांना सगळे मिस्टर बड म्हणतात, ते आमच्या चाहत्यांचे पुढारी. त्यांचा आवाज त्या दिवशी दुपारपर्यंत बसलाही होता.

सामना अगदी शेवटच्या क्षणापर्यंत ताणला गेला. टॅलाडोर थोडक्यात मागे होते. आमच्या पोराने चेंडू उंच, टोकाच्या पट्टीकडे भिरकावला. तिथे एमेट पेटिग्रू धावत होता. शाळेची बस चालवणाऱ्या लोरेनबाईंचा हा मुलगा, अबोल, हातांत गोंद असल्यासारखा चेंडू धरणारा. तो आडवा झेपावला. त्याच क्षणी ब्रॅकेटचा एक खेळाडू त्याच्या अंगावर कोसळला. दोघे गवतावर घसरत गेले. एमेट उठला तेव्हा चेंडू त्याच्या छातीशी होता. सगळे मैदान उसळले. पण तिथे उभ्या असलेल्या पंचाने हात आडवे फिरवले. चेंडू आधी जमिनीला लागला, झेल नाही, असा त्याचा निर्णय.

मग हास्किन्स सर माझ्याकडे आले.

नियम असा की, मैदानावरचा निर्णय चुकला असे चित्रात स्वच्छ दिसले तरच तो बदलायचा. स्वच्छ दिसले नाही, तर आधीचा निर्णय कायम. सरांनी टोपऱ्यात डोके घातले आणि मी चित्र दाखवले. समोरच्या कॅमेऱ्यात ब्रॅकेटच्या पोराची पाठ आड येत होती. बाजूच्या कॅमेऱ्यात एका चित्रात चेंडू गवताच्या टोकाशी होता, आणि पुढच्या चित्रात एमेटच्या छातीशी. मध्ये काय झाले? एमेटचा हात चेंडूखाली गेला होता की चेंडू जमिनीवरून उसळला होता? ते त्या दोन चित्रांच्या मधल्या फटीत घडून गेले होते.

सरांनी चित्र मागे नेले, पुढे आणले, पुन्हा मागे नेले. त्यांचा श्वास माझ्या काचेवर उमटत होता. त्या दिवशी त्यांची बोटे ताल धरत नव्हती. ते अगदी हळू पुटपुटले, "हात दाखव रे बाळा. एकदाच हात दाखव."

मित्रांनो, माझ्याकडे तो हात असता, तर मी तो कणाकणाने उजळून त्यांच्यापुढे धरला असता. पण तो माझ्याकडे नव्हता.

सर बाहेर आले. त्यांनी माइक सुरू केला आणि सांगितले की, निर्णय कायम आहे. निर्णय बरोबर आहे, असे ते म्हणाले नाहीत. फक्त कायम आहे, म्हणाले. या दोन शब्दांतला फरक त्यांनी जपून ठेवला होता, पण त्या गोंगाटात तो कुणी ऐकला नाही.

ब्रॅकेटची मुले नाचू लागली. आमच्या बाजूने बर्फ, शेंगांची टरफले, कागदाचे पेले यांचा मारा सुरू झाला. बर्फाने भरलेला एक जड पेला सरांच्या रोखाने आला, तो चुकला आणि माझ्या काचेच्या कोपऱ्यावर आदळला. मला दुखण्यापेक्षा नवल जास्त वाटले. तडा कोपऱ्यातून निघाला आणि सरकत सरकत पार खालपर्यंत गेला. एरवी शांत असणाऱ्या कोच लीड्सनी टोपी जमिनीवर आपटली. रेडिओवाल्याने माइक पुढे करताच ते म्हणाले, "माझ्या पोरांच्या तोंडचा घास काढून घेतला." हास्किन्स सर दोन पोलिसांच्या मधून गाडीकडे चालत गेले. दोन्ही संघांतले कुणीही त्यांच्या सोबतीला नव्हते. त्यांच्या पट्ट्यांच्या शर्टावर चहाचा मोठा डाग होता.

मिस नॅडीननी माझ्या तड्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि मला सामानाच्या खोलीत, शिरस्त्राणांच्या मांडणीजवळ नेऊन ठेवले. कॉलेजने नवा टीव्ही मागवला. ज्यांनी माझी पाठ थोपटली होती, ती पोरे आता माझ्या स्टँडवर ओले टॉवेल वाळत घालू लागली. मी कुणाला दोष देत नाही. हरल्यावर माणसाला कुणावर तरी ओझे टाकायचे असते.

माझ्यापेक्षा वाईट दिवस हास्किन्स सरांच्या वाट्याला आले. मिस नॅडीनची नात पर्ल त्यांच्याच शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची, त्यामुळे तिकडच्या बातम्या मला कळत. शाळेच्या फोनवर लोक शिव्या देत. मग कुणीतरी युक्ती काढली, आणि टॅलाडोरचे लोक सरांच्या नावाने शाळेत जुने चष्मे पाठवू लागले. खोकीच्या खोकी आली. सरांनी ते फेकले नाहीत. बँडच्या मुलांना बसवून त्यांनी फुटके वेगळे, चांगले वेगळे केले, आणि चांगले चष्मे गरिबांच्या डोळ्यांच्या दवाखान्याला देऊन टाकले. मुलांसमोर ते हसले, म्हणे. पण त्यानंतर त्यांनी शिट्टी कपाटात ठेवली आणि पंचाचे काम सोडल्याचे संघटनेला कळवले.

इकडे मिस्टर बडनी जांभळे शर्ट छापून गावभर वाटले. त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'एमेटने झेलला'. न्हाव्याच्या दुकानात, चर्चबाहेर, जिथे जाईल तिथे लोक एमेटचा खांदा दाबत आणि म्हणत, पोरा, तू झेललास, आम्ही बघितलंय. एमेट मान हलवायचा. हळूहळू त्याने गावात जाणेच कमी केले. लोकांना वाटले, पोराला हार फार लागली.

मार्च उजाडला. एके दिवशी दुपारी एमेट सामानाच्या खोलीत आला. "मिस नॅडीन, डावा बूट पुन्हा फाटला."

"तुझा डावा पाय चामडं खातो की काय," मिस नॅडीन म्हणाल्या. पण त्यांचे लक्ष बुटात नव्हते. वसंतात आमच्या संघाचा आपापसात एक सामना होतो, आणि त्याच्या मध्यंतरात दर वर्षी सायप्रस बेंडच्या शाळेचा बँड वाजतो. मुले वर्षभर त्याची तयारी करतात. आदल्या दिवशी कॉलेजने शाळेला फोन करून कळवले होते की, यंदा बँड नको. मिस्टर बड आणि चाहत्यांनी तशी मागणी केली होती. पर्लने क्लॅरिनेट पलंगाखाली ढकलले होते आणि सकाळी ती नाश्ता न करता शाळेत गेली होती. हे सगळे मिस नॅडीननी एमेटला सांगितले.

"पोरांनी काय केलं?" एमेटने विचारले.

"पोरांनी काही नाही केलं. त्यांच्या सरांनी केलं म्हणे. आणि हे सगळं तुझ्यासाठी चाललंय म्हणे."

एमेट बूट हातात धरून उभा राहिला. मिस नॅडीननी त्याच्याकडे बघितले. "एमेट, एक विचारते. झेलला होतास?"

"सगळे म्हणतात की..."

"सगळ्यांचं नाही विचारलं मी."

एमेटने बूट खाली ठेवला. मग म्हणाला, "मला माहीत नाही, मिस नॅडीन. माझं तोंड गवतात होतं. डोळे मिटलेले. उघडले तेव्हा चेंडू माझ्याजवळ होता. मला वाटतं, झेलला. पण इतक्या महिन्यांत मला कुणी विचारलंच नाही. सगळे मलाच सांगतात."

त्याने ते चित्र अजून एकदाही बघितले नव्हते. बघायची भीती वाटत होती, असे तो म्हणाला. मिस नॅडीननी माझ्यावरचे टॉवेल काढले, वायर जोडली आणि ते चित्र लावले. तड्यामुळे गवताची पट्टी दोन जागी तुटलेली दिसत होती, तरी बाकी सगळे नीट दिसत होते. एमेटने टोपऱ्यात डोके घातले. त्याच्या चेहऱ्यासमोर मी त्याचाच झेल दाखवत होतो.

"थांबवा," तो म्हणाला. "मागे घ्या. अजून मागे." आणि थोड्या वेळाने, "माझा हात कुठाय?"

मिस नॅडीननी चित्र तिथेच थांबवून ठेवले.

"मलाच माझा हात दिसत नाही," एमेट म्हणाला. "मग त्या माणसानं काय बघायचं होतं?"

दर वसंतात मिस्टर बड आपल्या दुकानाच्या अंगणात चाहत्यांना दुपारचे जेवण देतात. तळलेले मासे, मक्याचे वडे, कोबीची कोशिंबीर. त्या वर्षी त्यांनी एमेटला चार शब्द बोलायला बोलावले होते. एमेट गेला, पण एकटा नाही. मिस नॅडीनच्या गाडीच्या मागच्या भागात, गादीत गुंडाळून, त्याने मला सोबत नेले. जांभळ्या शर्टांच्या त्या गर्दीत मला ढकलत आणताना बघून लोक हसले. कुणी म्हणाले, "हा चोर कशाला आणलास?"

एमेटला भाषण येत नव्हते. तो इतकेच म्हणाला की, आज मिस्टर बडनी पंच व्हावे, अशी त्याची विनंती आहे. मिस्टर बड तयारच होते. तोंड पुसत आले, टोपऱ्यात डोके घातले आणि लगेच बाहेर काढले. "झेलला. आंधळ्यालाही दिसेल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एमेट हसला नाही. "सर, माझा हात चेंडूखाली कुठं दिसतो, तेवढं दाखवा."

मिस्टर बड पुन्हा आत आले. मित्रांनो, मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होतो. आधी त्यावर खात्री होती. त्यांनी चित्र पुढे नेले, मागे आणले. कोन बदलला. मग त्यांचे ओठ हलू लागले. बाहेर लोक ओरडत होते, कुणी माझ्या टोपऱ्यावर थापट्या मारत होते, लवकर सांगा म्हणत होते. मिस्टर बडच्या कपाळावर घाम आला. ते खूप वेळ आत राहिले. बाहेरची गंमत हळूहळू विरत गेली.

शेवटी त्यांनी डोके बाहेर काढले. "या कोनातून नाही दिसत," ते म्हणाले.

"दुसऱ्या?" एमेटने विचारले.

"दुसऱ्यातूनही नाही."

तळणीचा आवाज तेवढा येत होता. मग मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अरे, तू आमच्या बाजूचा आहेस की त्यांच्या?"

"तुमच्याच बाजूचा आहे, सर," एमेट म्हणाला. "मला पण वाटतं मी झेलला. आपल्या सगळ्यांना वाटतं. पण मी तिथं होतो आणि मला माहीत नाही. टीव्हीत बघून मिस्टर बडना माहीत नाही. मग हास्किन्स सरांना माहीत असायला हवं होतं, असं आपण कसं म्हणतो? आणि त्यांच्या पोरांचा बँड कशासाठी बंद करतो?"

सगळ्यांना ते रुचले नाही. दोघे-तिघे ताटली तिथेच ठेवून निघून गेले. एक बाई म्हणाल्या, पोराला कुणीतरी फितवलंय.  आपण काय गमावतो आहोत, हे एमेटला कळत होते. सकाळपर्यंत तो गावाचा लाडका होता.

मग एका कोपऱ्यातल्या खुर्चीवरून कोच लीड्स उठले. निवृत्तीनंतर ते मासेमारीची टोपी घालून हिंडत. "तोंडचा घास काढून घेतला, असं रेडिओवर मी बोललो," ते म्हणाले. "तुम्ही माझंच ऐकलंत. मी हा टीव्ही न बघता बोललो होतो." ते चालत माझ्याकडे आले आणि त्यांनीही टोपऱ्यात डोके घातले. बाहेर आल्यावर त्यांनी इतकेच विचारले की, हास्किन्स सरांचा फोन नंबर कुणाकडे आहे.

बँड यायचे पुन्हा ठरले. सरांनी आधी सांगितले की मुलांना पाठवतो, मी बसमध्येच बसेन. मुलांनी त्यांच्याशिवाय वाजवायला नकार दिला. एप्रिलच्या त्या शनिवारी नवा टीव्ही अजून खोक्यातच होता, म्हणून मिस नॅडीननी तड्यावरची चिकटपट्टी बदलून मलाच मैदानाच्या कडेला उभे केले. मध्यंतर झाले. लाल कोट घातलेली मुले बाहेर आली. त्यांच्या मागून सर. पर्लचे ओठ कोरडे पडलेले मला तिथून दिसत होते.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग वरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडले, "सर, चष्मा आणलाय का?"

हास्किन्स सर थांबले. वळले. खिशातून एक चष्मा काढून त्यांनी नाकावर ठेवला आणि म्हणाले, "आणलाय. तुमच्यापैकीच कुणीतरी पाठवलेला. मला बरोबर बसला, आभारी आहे."

आधी एक जण हसला, मग ती सगळी बाजू हसली. त्या हसण्यात ओरडणारा माणूसही होता. सरांनी हात वर केला आणि मुलांनी वाजवायला सुरुवात केली. एका ट्रम्पेटवाल्याचा सूर मध्येच फाटला, ढोल थोडा पुढे पळाला. पण शेवटी टाळ्या पडल्या. फार जोरात नाही, पण बऱ्याच लांबल्या.

मुले माझ्याजवळच्या सावलीत येऊन बसली, तेव्हा मिस्टर बड बादलीभर उकडलेल्या शेंगा घेऊन आले. अंगात तोच जांभळा शर्ट. "पोरं उपाशी असतील," ते सरांकडे न बघता म्हणाले. बादली ठेवून ते गेले नाहीत. टोपी काढली, पुन्हा घातली.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "पंच म्हणून नाही. माणूस म्हणून. तुम्हाला काय वाटतं? पोरानं झेलला होता?"

सरांनी चष्मा काढला. टोकाच्या पट्टीकडे बघितले.

"मला वाटतं, झेलला होता," ते म्हणाले.

मिस्टर बडनी आता सरांकडे बघितले. "मग?"

"मला दिसला नाही ना, मिस्टर स्टॅलिंग्ज. नुसतं मला वाटतं म्हणून दिला असता, तर ब्रॅकेटच्या पोरांना मी काय दाखवलं असतं? त्या रात्री झोप लागली नाही मला. अजूनही कधी कधी लागत नाही. पण त्या टीव्हीसमोर मला पुन्हा उभं केलंत, तरी मी तेच सांगेन."

मिस्टर बडनी शेंगांची एक मूठ भरली आणि सरांच्या ओंजळीत घातली. मग दोघे बाजूबाजूला उभे राहून शेंगा सोलत राहिले. टरफले खाली पडत होती. एमेट दुरून बघत होता, जवळ आला नाही.

त्याच वर्षी शरद ऋतूत हास्किन्स सरांनी शिट्टी पुन्हा गळ्यात घातली. आमच्या मैदानावरही ते आले. मिस्टर बड अजूनही पंचांवर ओरडतात, त्यांचा आवाज अजूनही दुपारपर्यंत बसतो. पण पंचांचे डोके टोपऱ्यातून बाहेर येईपर्यंत ते थांबतात, आणि शेजारच्यालाही थांबवतात. जांभळा शर्टही ते घालतात. एमेटने झेलला, असेच त्यांना वाटते. वाटू दे.

एमेट आता शिकून बाहेर पडला आहे. दुसऱ्या गावी शाळेत मुलांना खेळ शिकवतो. मैदानाच्या कडेला नवा टीव्ही उभा असतो, मोठा, झळझळीत. त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त चित्रे आहेत. पण त्यातल्या कोणत्याही दोन चित्रांच्या मध्येही थोडी फट असेलच, हे त्याला अजून कुणी सांगितलेले नाही. मी सामानाच्या खोलीत असतो. मिस नॅडीन आठवड्यातून एकदा माझी धूळ पुसतात, तड्यावरून फडके जपून फिरवतात.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या खेळात कधी तुम्हाला निकाल द्यावा लागला, तर जेवढे दिसले तेवढेच सांगा, मग मनाला काहीही वाटो. आणि कुणी दुसरा तसे सांगत असेल, आणि ते तुमच्या विरुद्ध जात असेल, तर रागवा, रडा, हवे तर टोपी आपटा. पण सामना संपल्यावर तो माणूस एकटाच गाडीकडे निघालेला दिसला, तर धावत जा आणि गाडीपर्यंत त्याच्यासोबत चाला.